पहाऱ्यासाठी नेमलेले फादर

६ ऑगस्ट १८६७ रोजी रोमहून इंग्लंडच्या बिशपांना एक पत्र निघाले. धाडणारी कचेरी ‘प्रोपागांडा’, म्हणजे मिशनच्या मुलखांचा कारभार पाहणारे व्हॅटिकनचे खाते. इंग्लंड तेव्हा याच खात्याच्या अखत्यारीत होते. ऑक्सफर्ड-केंब्रिजसारख्या प्रॉटेस्टंट विद्यापीठात जाणारा कॅथलिक तरुण महापापाच्या इतक्या जवळ जातो की त्यातून तो सहीसलामत सुटणे जवळजवळ अशक्य, असा त्या पत्राचा आशय. आईबापांना हे समजावून सांगावे, अशी बिशपांना आज्ञा होती. गंमत अशी की इंग्लंडच्या सरकारने कॅथलिक मुलांसाठी ऑक्सफर्डचे दार तेरा वर्षांपूर्वीच उघडले होते. जवळजवळ तीनशे वर्षे बाहेरून लावलेली कडी एकदाची निघाली आणि आतल्यांनी ताबडतोब आपली कडी घातली.

विद्यापीठातल्या कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी नेमलेला धर्मगुरू, म्हणजे चॅप्लन, त्याचे घर, रविवारची मिस्सा, मिस्सानंतरचा चहा हे सगळे आज इतके साधे वाटते की त्यावर कोणी अग्रलेख लिहावा असे त्यात काय आहे, असा प्रश्न पडेल. पण ‘चॅप्लेन्सी’ नावाची ही व्यवस्था प्रेमातून कमी आणि भीतीतून जास्त जन्माला आली. ती भीती कोणाची होती आणि तिचे पुढे काय झाले, हे आपापल्या समाजाची मुले दूरच्या विद्यापीठात पाठवणाऱ्या कोणालाही पाहण्यासारखे आहे.

बाहेरची कडी आधी पाहू. ऑक्सफर्डची जुनी कॉलेजे कॅथलिक काळातच उभी राहिली. मर्टनची स्थापना १२६४ सालची. सोळाव्या शतकात राजसत्तेने रोमशी काडीमोड घेतला आणि १५८१ पासून प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला अँग्लिकन चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर सही करणे सक्तीचे झाले. त्याच वर्षी जून महिन्यात विद्यापीठाच्या सेंट मेरी चर्चमधल्या बाकांवर एका छोट्या लॅटिन पुस्तकाच्या प्रती गुपचूप ठेवलेल्या सापडल्या. लेखक एडमंड कँपियन. एकेकाळी याच विद्यापीठाचा लाडका वक्ता, सेंट जॉन्स कॉलेजचा फेलो, आता जेझुइट. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला लंडनच्या टायबर्न इथे त्याला फाशी दिले.

कँपियनसारखेच त्या पिढीतले अनेक तरुण देश सोडून रोमला गेले. त्यांच्यातला एक परत न जाता पूर्वेकडे निघाला. ऑक्टोबर १५७९ मध्ये तो गोव्याला उतरला आणि मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, इथेच राहिला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. १६१६ साली रायतूरला छापलेले त्याचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी वाङ्मयाच्या प्रत्येक इतिहासात असते. पण त्याच्या मायदेशात आपला धर्म उघडपणे पाळत विद्यापीठात शिकण्याची सोय तेव्हा कुणालाच नव्हती, हा धागा आपण सहसा ओढत नाही. ज्ञानेश्वरांच्या भाषेला रत्नांतल्या हिऱ्याची उपमा देणारा हा कवी आपल्याला मिळाला, त्यात इंग्लंडच्या असहिष्णुतेचाही थोडा हात आहे.

१८२९ मध्ये ब्रिटिश कॅथलिकांना राजकीय हक्क मिळाले. १८५४ च्या कायद्याने ऑक्सफर्डमध्ये प्रवेशासाठी आणि बी.ए.च्या पदवीसाठी सहीची अट गेली, दोन वर्षांनी केंब्रिजमध्येही तसेच झाले आणि १८७१ मध्ये वरच्या पदव्या व फेलोशिपही खुल्या झाल्या. म्हणजे कायद्याचे काम संपले. आता प्रश्न घरच्यांचा होता.

घरचे म्हणजे प्रामुख्याने दोन माणसे, आणि दोघेही ऑक्सफर्डचेच. हेन्री मॅनिंग बॅलियलचे विद्यार्थी, मर्टनचे फेलो. १८५१ मध्ये अँग्लिकन चर्च सोडून कॅथलिक झाले आणि १८६५ मध्ये वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप. जॉन हेन्री न्यूमन ट्रिनिटीचे विद्यार्थी, ओरिएलचे फेलो, विद्यापीठाच्या सेंट मेरी चर्चचे धर्मगुरू. त्यांची प्रवचने ऐकायला अर्धे ऑक्सफर्ड लोटे. ऑक्टोबर १८४५ मध्ये लिटलमोर इथे त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि त्यानंतर बत्तीस वर्षे त्यांचे ऑक्सफर्डमध्ये राहणे झाले नाही. एकाच विद्यापीठात घडलेल्या या दोघांनी तिथून अगदी वेगळे धडे घेतले होते. मॅनिंगना वाटे, तिथली हवाच अशी आहे की कोवळे पोर टिकणार नाही. न्यूमनना वाटे, जिथे मुले जाणारच आहेत तिथे आपण जाऊन राहावे.

१८६४ मध्ये न्यूमननी ऑक्सफर्डमध्ये पाच एकरांच्या आसपास जमीन विकत घेतली. तिथे आपल्या ओरेटरी संघाचे चर्च उभारायचे, शहरातल्या कॅथलिकांची सेवा करायची आणि विद्यापीठात येणाऱ्या मुलांना आपल्या धर्माचे एक घर द्यायचे, असा बेत. बिशपांनी विरोध केला, जमीन विकावी लागली. दोन वर्षांनी त्यांचे स्वतःचे बिशप, बर्मिंगहॅमचे अलथॉर्न, यांनी पुन्हा तोच प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवला. रोमने परवानगी दिली. न्यूमननी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली.

परवानगीत एक कलम गुप्त होते. चर्च बांधायला हरकत नाही. मात्र न्यूमन स्वतः तिथे राहायला जातील असे दिसले तर बिशपांनी त्यांना गोडीगुलाबीने मागे बोलवावे. अलथॉर्न यांनी हे कलम न्यूमनना सांगितलेच नाही. रोमचे मन वळवता येईल, असा त्यांचा भाबडा हिशेब असावा. १८६७ च्या वसंतात एका वर्तमानपत्राच्या रोमच्या बातमीदाराने ही गोष्ट फोडली आणि लोकांकडून पैसे मागत फिरणाऱ्या साठीतल्या माणसाला कळले की ज्या कामासाठी आपण पैसे मागतो आहोत, त्यातून आपल्यालाच वगळलेले आहे. त्या उन्हाळ्यात त्यांनी बेत सोडला. त्याच उन्हाळ्यात ते ऑगस्टचे पत्रही आले.

या सगळ्या प्रकरणात मला ते गुप्त कलम सर्वांत बोलके वाटते. रोमच्या कचेरीला इमारतीची भीती नव्हती. न्यूमन ऑक्सफर्डला राहायला गेले तर इंग्लंडभरचे कॅथलिक आईबाप ते निमंत्रणच समजतील आणि मुले धाडतील, हे तिला नेमके कळले होते. विद्यापीठात माणूस राहणे म्हणजे काय, हे चॅप्लेन्सीच्या विरोधकांना तिच्या समर्थकांच्या आधी उमगले होते, असे म्हणायला हरकत नाही.

बंदी घातली की पर्याय द्यावा लागतो. मॅनिंगनी १८७४ मध्ये लंडनच्या केन्सिंग्टन भागात कॅथलिक युनिव्हर्सिटी कॉलेज काढले. प्राध्यापक चांगले होते. विद्यार्थी मोजकेच आले. प्रमुख नेमलेले मॉन्सिन्योर केपेल फॅशनेबल मंडळींत लोकप्रिय, हिशेबात मात्र कच्चे. कर्ज झाले, ते गेले आणि काही वर्षांतच कॉलेजही गुंडाळले गेले. त्याआधी न्यूमन यांनी स्वतः डब्लिनमध्ये आयरिश बिशपांसाठी कॅथलिक विद्यापीठ उभारून पाहिले होते. तिथेही विद्यार्थी कमी आणि बिशप जास्त अशी गत झाली. त्या प्रयोगातून ‘आयडिया ऑफ अ युनिव्हर्सिटी’ हे पुस्तक मात्र उरले. केन्सिंग्टनमधून तेवढेही उरले नाही.

आता मुंबईकडे पाहा. ऑगस्ट १८६७ च्या पत्राला दीड वर्ष होते न होते तोच, १८६९ मध्ये, जर्मन जेझुइटांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज सुरू केले. ते जोडलेले होते १८५७ च्या मुंबई विद्यापीठाला. हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचे, कोणत्याही धर्माचे नाव न घेणारे. अभ्यासक्रम त्याचा, परीक्षा त्याच्या, आणि वर्गात कॅथलिक मुलांशेजारी पारशी, हिंदू, मुसलमान मुले. झेवियर्स फादरांच्या ताब्यात होते आणि ऑक्सफर्ड नव्हते, हा फरक खरा. तरीही त्याच चर्चला इंग्लंडमध्ये जी सरमिसळ जीवघेणी वाटत होती, ती मुंबईत रोजच्या हजेरीत चालून जात होती. अल्पसंख्य समाज आपल्या मुलांबद्दल किती भितो, हे तो कुठे बसून पाहतो आहे यावर बरेच अवलंबून असते.

ही भीती फक्त कॅथलिकांची होती असेही नाही. मुंबईत १८३९ साली मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतली दोन पारशी मुले ख्रिस्ती झाली, प्रकरण कोर्टात गेले आणि पारशी आईबापांनी धडाधड मुले काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींनी धर्म बदलला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहून आला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी केवढा खटाटोप केला आणि त्यापायी केवढा रोष पत्करला! मुलाला ऑक्सफर्डला पाठवणाऱ्या कॅथलिक बापाची आणि गिरगावातल्या ब्राह्मण बापाची झोप त्या शतकात एकाच प्रश्नाने उडाली होती: शिकायला तर पाठवायचे, पण पोरगा आपलाच राहील ना?

इंग्लंडमधली बंदी गळकी होती. पैसेवाली घराणी बिशपांची खास परवानगी काढत किंवा न काढताच मुले पाठवत. १८७५ मध्ये जेझुइटांनी ऑक्सफर्डमध्ये सेंट अलॉयशिअस चर्च उघडले. १८७८ मध्ये विद्यार्थ्यांनी आपला कॅथलिक क्लब काढला. दहा वर्षांनी त्यालाच न्यूमन सोसायटी हे नाव मिळाले. ज्या विद्यापीठात आपला विद्यार्थी असताच कामा नये, तिथे आपल्या विद्यार्थ्यांचा क्लब! कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स बॅलियलमध्ये शिकत असतानाच न्यूमन यांच्या हातून कॅथलिक झाले होते. ते १८७८-७९ मध्ये याच सेंट अलॉयशिअसमध्ये सहायक धर्मगुरू म्हणून आले. त्याच सुमारास ट्रिनिटी कॉलेजने न्यूमनना आपले पहिले मानद फेलो करून सन्मानाने बोलावले, आणि १८७९ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्यांना कार्डिनल केले. बंदी मात्र कागदावर कायमच.

न्यूमन १८९० मध्ये वारले, मॅनिंग १८९२ मध्ये. मॅनिंग यांच्या जागी आलेले हर्बर्ट व्हॉन आधी बंदीच्याच बाजूचे, पण व्यवहारी. केंब्रिजमध्ये तिथल्या मानववंशशास्त्र संग्रहालयाचे प्रमुख बॅरन अनातोल फॉन ह्यूगेल यांच्यासारख्या कॅथलिक गृहस्थांनी आणि नॉर्फकच्या ड्यूकनी रेटा लावला. एप्रिल १८९५ मध्ये रोमने बंदी उठवली. उठवली म्हणजे, चालवून घेतली. अटी होत्या: मुलगा धर्मात पक्का तयार झालेला हवा आणि कॅथलिक तत्त्वज्ञान, इतिहास व धर्म यांवर त्याच्यासाठी नियमित व्याख्याने हवीत. ही देखरेख करायला एक मंडळ नेमले गेले आणि मंडळाने चॅप्लन नेमले. ऑक्सफर्डला पहिले कॅनन चार्ल्स केनर्ड.

चॅप्लेन्सीचा जन्म हा असा, परवानगीची अट म्हणून. पहाऱ्यासाठी नेमलेल्या या फादरांचे मुख्य काम आठवड्याचे व्याख्यान देणे आणि कोण आले, कोण नाही यावर नजर ठेवणे. ठरवूनही कोणी इतके नीरस काम योजले नसते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना रविवारी मिस्सानंतर बसवून चुकीच्या मतांचे खंडन ऐकवायचे! हे फार काळ त्या रूपात टिकले नाही, यात नवल नाही. नवल आहे ते पुढे काय झाले त्याचे. केनर्ड यांच्या मागून काही वर्षांनी आर्थर बार्न्स आले. त्याआधी ते केंब्रिजमध्ये चॅप्लन होते. त्यांच्या काळात सेंट ऑल्डेट्स रस्त्यावरची ‘ओल्ड पॅलेस’ ही सतराव्या शतकातली हवेली चॅप्लेन्सीला मिळाली. आता मुलांना जायला ठिकाण झाले, आणि १९२६ मध्ये तिथे राहायला आले रोनल्ड नॉक्स.

नॉक्स म्हणजे मँचेस्टरच्या अँग्लिकन बिशपांचा मुलगा, पूर्वी ट्रिनिटी कॉलेजचा अँग्लिकन चॅप्लन, १९१७ मध्ये कॅथलिक झालेला. १९२६ च्याच जानेवारीत त्यांनी बीबीसीवरून लंडनमध्ये दंगल पेटल्याची बातमीवजा थट्टा ऐकवली होती. बिग बेन उडवले, सॅव्हॉय हॉटेल पाडले. श्रोत्यांपैकी कितीतरी जणांनी ते खरेच मानले. असा माणूस बिशपांनी तरुण मुलांवर नेमला, याबद्दल त्या बिशपांना मी कधीच कमी लेखणार नाही. चॅप्लनचा पगार तुटपुंजा. खर्च भागवायला नॉक्स सुट्टीत रहस्यकथा लिहीत. ‘द फुटस्टेप्स अॅट द लॉक’मधले रहस्य तर ऑक्सफर्डच्या वरच्या अंगाला, थेम्सवरच घडते. १९२९ मध्ये रहस्यकथाकारांसाठी त्यांनी दहा नियमही घालून दिले. पोलिसी कथांच्या मानधनावर विद्यार्थ्यांची सरबराई चालावी, ही प्रोपागांडाच्या कचेरीला सुचण्यासारखी व्यवस्था नव्हती.

अटीतली व्याख्याने नॉक्सनीही दिली, पण त्यांचा सूर पार बदलला. ती १९४२ मध्ये पुस्तकरूपाने आली, ‘इन सॉफ्ट गार्मेंट्स’ या नावाने. देव आहे कशावरून, चमत्कार मानायचे का, लग्न का मोडता येत नाही, असले विषय. आणि बोलणे असे की समोरच्याला बुद्धी आहे हे गृहीत धरलेले. शत्रूच्या मुलखात पाठवलेल्या शिपायाला द्यावी तशी ती शिकवणी नाही. संध्याकाळी ते घरी असत, एवढेच त्यांचे धोरण. येईल त्याच्याशी गप्पा, शब्दखेळ, पाइप. एव्हलिन वॉ यांनी १९५९ मध्ये लिहिलेल्या चरित्रात हा काळ फारसा आनंदी रंगवलेला नाही. नॉक्स थकत गेले, वाढत्या वयाबरोबर आपल्यातले आणि दरवर्षी नव्या येणाऱ्या मुलांमधले अंतर त्यांना जाणवू लागले. १९३९ मध्ये ते बायबलच्या भाषांतरासाठी ऑक्सफर्ड सोडून गेले. तेरा वर्षे रोज संध्याकाळी दार उघडून बसणे हे दिसते त्याहून कितीतरी कष्टाचे काम आहे.

उघड्या दाराच्या या गोष्टीत एक मोठी खोट आहे. दार मुलग्यांसाठी होते. केंब्रिजची चॅप्लेन्सी फिशर हाउस. तिला १५३५ मध्ये शिरच्छेद झालेल्या बिशप जॉन फिशर यांचे नाव आहे. फिशर केंब्रिजचे चॅन्सेलर होते. फिशर हाउसमध्ये १९३२ पासून मॉन्सिन्योर आल्फ्रेड गिल्बी चॅप्लन होते. जिनचा धंदा करणाऱ्या सधन घराण्यातले, जुन्या रिवाजाचे, आणि मुलांचे अतिशय लाडके. त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांच्या आठवणींत त्यांचे आतिथ्य, त्यांचा पोशाख, त्यांचा संयम हे पानोपानी येते. या सभ्य माणसाने तेहतीस वर्षे विद्यार्थिनींना फिशर हाउसबाहेर ठेवले. त्यांच्यासाठी धर्मभगिनींच्या घरी वेगळी सोय होती. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी १९४८ पासून दिली. गिल्बी यांच्या दारात मात्र तेव्हाही फरक पडला नाही. अखेर दोन्ही चॅप्लेन्सी एक करण्याचा आग्रह वाढला आणि १९६५ मध्ये ते पद सोडून गेले. त्यांच्या चाहत्यांना हे शोकांतिकेसारखे वाटते. मला तसे वाटत नाही. मॅनिंगनी मुलांबद्दल बाळगली तीच काळजी गिल्बी दारावर घेऊन उभे होते. फक्त या वेळी बाहेर मुली होत्या. आणि बाहेर ठेवलेल्यांनी विद्यापीठ सोडले नाही, हेही पुन्हा तसेच घडले.

त्याच वर्षांत ऑक्सफर्डला मायकेल हॉलिंग्ज होते, १९५९ ते १९७०. युद्धात मिलिटरी क्रॉस मिळवलेले सैनिक. त्यांनी ओल्ड पॅलेसचे दार विद्यार्थ्यांपुरतेही ठेवले नाही. रस्त्यावर झोपणारे, दारुडे, वाट चुकलेले, सगळे आत. जेवणाच्या टेबलाशी प्राध्यापकाशेजारी कोण बसेल याचा नेम नसे. याने काही पालक बिथरले असतील, तर ते समजण्यासारखे आहे. १८९५ च्या अटींत बसवायचे म्हटले तर हॉलिंग्ज यांनी एकही अट पाळली नाही. पण श्रद्धा म्हणजे काय हे त्या घरातून शिकायला मिळाले नाही, असे तिथे राहिलेल्या कोणाला पटवून देणे कठीण. पुढे ते लंडनमधल्या साउथॉलला गेले. पंजाबातून आलेली माणसे तिथे तेव्हा वस्ती करत होती.

अमेरिकेत ही कल्पना वेगळ्या वाटेने गेली. १८९३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी न्यूमन यांच्या नावाने क्लब काढला, आणि नंतर सरकारी विद्यापीठांजवळ न्यूमन सेंटरे उभी राहत गेली. तिथे सुरुवात विद्यार्थ्यांनी केली, बिशप मागून आले. त्यामुळे तिथल्या चॅप्लेन्सीवर पहाऱ्याची छाया कमी पडली, असे माझे मत आहे. इमारतींचे वेड मात्र जास्त.

१ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी न्यूमन यांना चर्चचे आचार्य म्हणून घोषित केले आणि संत थॉमस अक्वायनस यांच्या बरोबरीने कॅथलिक शिक्षणाचे आश्रयदाते ठरवले. संतपद २०१९ मध्येच मिळाले होते. सोहळे झाले, लेख आले. ऑक्सफर्डमधली पाच एकर जमीन आणि गुप्त कलम यांचा उल्लेख त्यांत असलाच तर ओझरता. खरे तर बिशपांना विचारण्यासारखा प्रश्न तिथेच आहे. आज धर्मगुरू कमी, विद्यापीठे पुष्कळ. त्यामुळे अनेक ठिकाणी चॅप्लनला एक पॅरिशही सांभाळावी लागते आणि आठवड्यातले ठरावीक तास तो विद्यार्थ्यांना देतो. मिस्सा होते, व्याख्यान होते, जाहिरातीचे पत्रक निघते. ऑक्टोबरात नव्याने आलेली मुलगी रात्री नऊ वाजता दार वाजवते तेव्हा आत कोणी राहत नसते. जागा द्यावी, परवानगी द्यावी, पण माणूस तिथे राहू नये, ही त्या गुप्त कलमातली अट कुणी घातली नसतानाही अशा ठिकाणी पाळली जाते आहे. न्यूमन यांचे नाव कोणत्या सभागृहाला द्यायचे याचा विचार सावकाश झाला तरी चालेल. चॅप्लनला विद्यापीठाच्या गावात एक खोली भाड्याने घेऊन द्यायचे काम येत्या सत्रापूर्वी होण्यासारखे आहे.